पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि रक्त दिसलं: पहिल्या १२ आठवड्यांत काय करावं

टेस्टवर दोन रेघा उमटल्या की घरातली चर्चा लगेच बाळंतपणाच्या तारखेवर जाते. त्याआधीचा एक प्रश्न मात्र शिल्लक असतो: गर्भ रुजलाय कुठे? युरीन टेस्ट एवढंच सांगते की शरीरात एचसीजी हे संप्रेरक तयार होतंय. गर्भ पिशवीत (गर्भाशयात) असो, बीज वाहून नेणाऱ्या नळीत अडकलेला असो किंवा पिशवीत रुजून वाढ थांबलेली असो, रेघा दोनच येतात. पहिल्या तीन महिन्यांतला रक्तस्राव आणि पोटदुखी यांचा विचार या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून हा लेखही त्याच क्रमाने जातो.

आधी तारीख

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा. पाळी संपल्याचा नव्हे, सुरू झाल्याचा. गर्भाचं वय तिथूनच मोजतात. त्यामुळे तुम्ही ‘सहा आठवड्यांच्या’ असता तेव्हा गर्भधारणा होऊन साधारण चारच आठवडे झालेले असतात. प्रसूतीची अंदाजे तारीख काढायला त्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. १० जानेवारीला पाळी आली असेल तर १७ ऑक्टोबर. पाळी अनियमित असेल, पीसीओएस (पाळी लांबवणारा संप्रेरकांचा विकार) असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असतानाच दिवस गेले असतील, तर हा हिशेब लटका पडतो आणि सोनोग्राफीत मोजलेली गर्भाची लांबी जास्त विश्वासाची ठरते.

अनेकजणी सांगतात, ‘पाळी आली होती, पण या वेळी कमी गेलं, दोनच दिवस डाग होते.’ ती पाळी असेलच असं नाही. गर्भ राहिल्यानंतरचा रक्तस्रावही असाच दिसतो, आणि नळीतल्या गर्भात हे वर्णन वारंवार ऐकायला मिळतं. डॉक्टरांना नेहमीसारख्या आलेल्या शेवटच्या पाळीची तारीखही सांगा आणि या डागांचीही.

मग टेस्ट

पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट करा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचा. दुसरी रेघ फिकी असली तरी टेस्ट पॉझिटिव्हच. पण अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून पाहिलेल्या पट्टीवरची फिकी रेघ धरायची नाही. निगेटिव्ह आली आणि तरीही पाळी आली नाही, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. गावात आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मिळतं, त्याला पैसे पडत नाहीत.

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय किंवा कॉपर-टी बसवलेली आहे, म्हणून पाळी चुकूनही टेस्ट न करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. ऑपरेशननंतर दिवस जाणं दुर्मीळ खरं, पण गेलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. कॉपर-टीचंही तसंच. इथे टेस्ट पॉझिटिव्ह आली तर नेहमीच्या सोनोग्राफीसाठी सातव्या आठवड्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

पहिली भेट

फॉलिक अ‍ॅसिड अजून सुरू केलं नसेल तर लगेच करा. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टर जास्त देतात. गर्भाची मज्जारज्जूची नळी पहिल्या सहा-सात आठवड्यांतच मिटते, त्यामुळे खरं तर ही गोळी दिवस जाण्याआधीपासूनच घ्यायची असते. लोहाच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून सुरू होतात.

तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, लघवी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस येतात. रक्तगटाचा कागद सांभाळून ठेवा, पुढे लागणार आहे. चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवा. मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनोइन, रक्तदाबाची काही औषधं आणि फिट्सवरची व्हॅल्प्रोएट यांनी गर्भाला इजा होऊ शकते. फिट्सची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण फिट आल्यास आईलाही धोका असतो. बदल डॉक्टरच करतील. डोकं किंवा अंग दुखलं तर पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळा.

पहिली सोनोग्राफी

माझ्या मते पहिल्या तीन महिन्यांतली ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी. काही घरांत ‘इतक्या लवकर मशीन कशाला लावायचं’ म्हणून ती तिसऱ्या महिन्यावर ढकलतात. सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात, एक्स-रे नव्हे.

सगळं सुरळीत असेल तर सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान करा. इतक्या लवकर पोटावरून नीट दिसत नाही, म्हणून बऱ्याचदा योनीमार्गातून करतात. याने गर्भाला धक्का लागत नाही आणि गर्भपातही होत नाही. रक्त जात असलं तरी ही तपासणी करता येते. लघवी करून जायचं असतं, पोट फुगेपर्यंत पाणी पिऊन बसायची गरज नाही. ओळखपत्र सोबत ठेवा, कारण गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार केंद्राला प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरावा लागतो.

रिपोर्टमध्ये सर्वांत आधी गर्भ गर्भाशयाच्या आत असल्याचा उल्लेख शोधा. मग गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी म्हणजे जी सॅक, त्यातली योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी), गर्भाची लांबी म्हणजे सीआरएल आणि हृदयाचे ठोके. साधारण पाचव्या आठवड्यात जी सॅक दिसते, त्यानंतर काही दिवसांत योक सॅक आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास ठोके.

‘ठोके आले नाहीत’ एवढं ऐकून घरी येऊन रडण्याआधी आकडे पाहा. गर्भाची लांबी ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा जी सॅकचा सरासरी व्यास २५ मिमी किंवा जास्त असून आत गर्भच नसेल, तेव्हाच एका सोनोग्राफीवर वाढ थांबल्याचं निदान करतात. त्याहून कमी माप असेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघायचं. तारीख पाच-सहा दिवस मागे-पुढे असणं इतकं सामान्य आहे की पहिल्याच रिपोर्टवर ‘उद्या क्युरेटिंग (पिशवी साफ) करून टाकू’ असं कोणी म्हणालं, तर ही मापं विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. रक्तस्राव बेताचा असेल तर आठवडाभर थांबून सहसा काही बिघडत नाही.

गर्भाशयात काहीच दिसलं नाही तर? एक तर दिवस फार लवकरचे आहेत, किंवा गर्भ पडून गेलाय, किंवा तो दुसरीकडे आहे. अशा वेळी रक्तातलं एचसीजी ४८ तासांच्या अंतराने दोनदा मोजतात. पिशवीत वाढणाऱ्या गर्भात ते या काळात ठळकपणे चढतं. घसरत असेल तर गर्भ टिकत नाहीये. आणि अडखळत, थोडंथोडं चढत असेल तर नळीचा संशय घ्यायचा. दुसऱ्यांदा रक्त द्यायला जाणं टाळू नका. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

रक्त दिसलं तर

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार रक्त जातं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं बाळंतपण पुढे नीट होतं. म्हणून रक्त म्हणजे गर्भ गेला, असं नाही. पण रक्त थांबलं म्हणून सगळं ठीक आहे, असंही नाही.

पॅड लावा, कापूस किंवा टॅम्पॉन आत घालू नका. पॅडशिवाय रक्ताचा अंदाज येत नाही आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. किती वाजता सुरू झालं, रंग तपकिरी की लालभडक, गाठी पडल्या का, हे फोनमध्ये टिपून ठेवा. मांसासारखा तुकडा पडला तर स्वच्छ डबीत घेऊन जा.

गर्भ पिशवीत असल्याचं आधीच्या सोनोग्राफीत दिसलेलं आहे, डाग तपकिरी आहेत, दुखत नाही: दुसऱ्या दिवशी ओपीडीत गेलात तरी चालेल. सोनोग्राफी अजून झालेलीच नाही: त्याच दिवशी दाखवा, डाग कितीही कमी असोत. आणि पुढच्यांपैकी काहीही असेल तर दिवस-रात्र न बघता हॉस्पिटल गाठा: तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं दोन तास चाललंय, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी, शौचाला लागल्यासारखा गुदद्वारावर दाब, ताप किंवा घाण वासाचा स्राव.

अशा वेळी स्वतः गाडी चालवू नका, १०८ ला फोन करा. वाटेत चहा-पाणीही घेऊ नका, कारण कदाचित लगेच भूल द्यावी लागेल. रक्तगटाचा कागद आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घ्या. शक्य असेल तर जिथे सोनोग्राफी, ऑपरेशन थिएटर आणि रक्त मिळण्याची सोय आहे तिथेच थेट जा, म्हणजे उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा मोठं खाजगी हॉस्पिटल.

‘पूर्ण बेडरेस्ट, पायाखाली उशी’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. पडून राहिल्याने गर्भपात टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जड उचलणं आणि शरीरसंबंध रक्त थांबेपर्यंत टाळा, बाकी घरातली हलकी कामं चालतात. गर्भ टिकवायला मदत करणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचंही तसंच. प्रत्येकीला सरसकट द्यायचं औषध नाही ते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये दिलेला सल्ला असा: गर्भ पिशवीत असल्याची खात्री झाली आहे, आता रक्त जातंय आणि पूर्वी आपोआप गर्भपात झालेला आहे, अशांना योनीमार्गातून प्रोजेस्टेरॉन द्यावं. पहिलटकरणीला साध्या डागांसाठी महिनोन्‌महिने इंजेक्शनं चालू असतील तर कशासाठी, हे विचारायला हरकत नाही.

नळीतला गर्भ

शंभरात एक-दोन गर्भधारणा पिशवीबाहेर होतात आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त नळीत. नळी फारशी ताणली जाऊ शकत नाही. गर्भ वाढत गेला की ती फुटते आणि रक्त पोटात साचतं. बाहेर मात्र चार डागच दिसतात. पॅड कोरडा आणि बाई पांढरीफटक, हे चित्र घरच्यांना फसवतं.

आधी नळीत गर्भ राहिला असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला असेल, नळीवर शस्त्रक्रिया झाली असेल किंवा आयव्हीएफ केलं असेल तर धोका वाढतो. पण निम्म्या जणींमध्ये यांपैकी काहीच नसतं. म्हणून ‘मला कसं होईल’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

लवकर कळलं, नळी फुटलेली नसली आणि एचसीजी कमी असलं तर मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे गर्भाच्या पेशींची वाढ थांबवणारं, इंजेक्शन देतात. त्यानंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासायचं आणि पुढे एचसीजी शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला. या काळात फॉलिक अ‍ॅसिड बंद, दारू बंद, वेदनाशामक विचारल्याशिवाय नाही आणि पुढचे निदान तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. दर आठवड्याला यायला जमणार नसेल, घर दूर असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. मग दुर्बिणीतून ऑपरेशन करून नळी काढणं जास्त सुरक्षित ठरतं. एक नळी गेली तरी दुसरी चांगली असेल तर पुढे दिवस राहू शकतात. सासर-माहेरच्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेलं बरं.

हा गर्भ उचलून पिशवीत ठेवता येत नाही. दुःख आहे, पण त्याला इलाज नाही.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या

गर्भ नको असेल तर दुकानातून किट आणून घरीच घेण्याची पद्धत शहरात आणि गावात सारखीच फोफावली आहे. गर्भ कुठे आहे हे माहीत नसताना या गोळ्या घेणं धोक्याचं, कारण नळीतल्या गर्भावर त्या उपाय नाहीत. गोळ्यांनी पिशवीतून रक्त जातं, बाईला वाटतं काम झालं, आणि गर्भ नळीत वाढतच राहतो.

गर्भपात कायद्याने होतो. १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, काही ठरावीक गटांतल्या बायकांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. बाई सज्ञान असेल तर फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, आणि लग्न झालेलं नाही म्हणून नाकारताही येत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

वाढ थांबली असेल तर

कळून आलेल्या गर्भधारणांपैकी दहा ते वीस टक्के आपोआप संपतात. निम्म्याच्या आसपास कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतं. जिना चढलात, गाडीवर बसलात, पिकलेली पपई खाल्लीत, ऑफिसात भांडण झालं, यांतल्या कशानेही हे झालेलं नसतं. हे बाईला एकदा सांगून भागत नाही.

पुढे तीन वाटा असतात. एक, एक-दोन आठवडे वाट पाहणं. दोन, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, काही वेळा त्याआधी मिफेप्रिस्टोन. तीन, पिशवी साफ करणं. रक्त फार जात नसेल, ताप नसेल, तर निवड तुमची. वाट पाहिली तर भूल आणि हत्यारं टळतात, पण रक्त कधी सुरू होईल याचा नेम नसतो. गोळ्यांनी काही तास जोरात कळा येतात आणि पाळीपेक्षा बरंच जास्त जातं. घरी कोणी सोबत असेल आणि हॉस्पिटल जवळ असेल तरच हा मार्ग घ्या. पिशवी साफ करायची ठरली तर एक प्रश्न जरूर विचारा: ‘सक्शनने करणार ना?’ जागतिक आरोग्य संघटना धारदार क्युरेटने खरवडण्याऐवजी सक्शनचाच सल्ला देते. खरवडण्यात पिशवीच्या अस्तराला इजा होण्याचा धोका जास्त.

नंतर साधारण दोन आठवडे कमी-कमी होत जाणारं रक्त जातं. ताप, घाण वास, पुन्हा जोरात रक्त यांतलं काही झालं तर परत जा. तीन आठवड्यांनी युरीन टेस्ट करा. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर आत काही राहिलंय का ते पाहावं लागतं. पाळी चार ते सहा आठवड्यांत येते, पण बीज त्याआधीच सुटतं, म्हणजे लगेच दिवस राहू नयेत असं वाटत असेल तर पहिल्यापासूनच काळजी घ्या.

कधीकधी गर्भाऐवजी वारेच्या पेशी द्राक्षाच्या घडासारख्या वाढतात. त्याला द्राक्षगर्भ म्हणतात. उलट्या फार, पिशवी दिवसांपेक्षा मोठी, एचसीजी भरमसाट. इथे पिशवी साफ केल्यावरही एचसीजीचा पाठपुरावा महिनोन्‌महिने चालतो आणि तो पुरा होईपर्यंत दिवस राहू देत नाहीत. काही जणींमध्ये या पेशी पुन्हा वाढू लागतात, ते याच तपासणीतून कळतं.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर

आईचा गट आरएच निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर गर्भपात किंवा नळीतला गर्भ यानंतर अँटी-डी इंजेक्शनचा (आईच्या शरीरात पुढच्या गर्भाला मारक प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) प्रश्न येतो. द्यायचं असेल तर ७२ तासांच्या आत. १२ आठवड्यांआधी ते प्रत्येक वेळी लागतंच असं नाही, आणि देशोदेशीच्या सूचना यात जुळत नाहीत. त्यामुळे डिस्चार्जच्या आधी ‘माझा गट निगेटिव्ह आहे, अँटी-डीचं काय?’ असं स्वतःहून विचारा.

रोजच्या तक्रारी, थोडक्यात

उलट्या साधारण नवव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतात. थोडं थोडं खा, उपाशी राहू नका, कोरडी बिस्किटं किंवा चुरमुरे उशाशी ठेवा. डॉक्सिलामिन आणि बी-६ ची गोळी चालते. वजन पाच टक्क्यांनी उतरलं, पाणीही टिकेना, लघवी गडद आणि कमी झाली, तर सलाईनची वेळ आली आहे.

अंगावरून पातळ पांढरं, वास नसलेलं जाणं नेहमीचं. दह्यासारखं जातंय आणि खाज आहे तर बुरशी असते. त्यावर योनीत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी चालते, तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल नको. मासळीसारखा वास येत असेल तर औषध वेगळं, तपासून घ्या. लघवीला जळजळ होत असेल तर पाणी पिऊन आठवडा काढू नका. गरोदरपणात तो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत लवकर चढतो.

कागद आणि पुढची खेप

१२ आठवड्यांच्या आत सरकारी नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. नोकरी करत असाल आणि गर्भपात झाला, तर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६५ नुसार सहा आठवड्यांची पगारी रजा आहे (नोव्हेंबर २०२५ पर्यंत ती १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ नुसार मिळत होती). त्यासाठी डिस्चार्ज कार्डासारखा पुरावा लागतो. एचआरला हा कायदा माहीत नसतो असं पुष्कळदा दिसतं, कलमासकट अर्ज करा.

दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील तर पुढच्या वेळेआधी थायरॉइड, साखर, अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं आणि पिशवीचा आकार तपासून घेण्याबद्दल बोला. एकदा नळीत गर्भ राहिला असेल, तर पुढच्या खेपेला टेस्ट पॉझिटिव्ह आल्याच्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि सहावा आठवडा लागताच सोनोग्राफी करून घ्या, एकही डाग नसला तरी.